रेषा आकाशात की डोळ्यात?

दोरीच्या ठिकाणी साप दिसतो हा दृष्टान्त आपल्या वाचकांना नवा नाही. प्रवचनात तो इतक्या वेळा कानी पडतो की बुवांनी 'अंधुक उजेडात' एवढे म्हणावे आणि पुढचे श्रोत्यांनी मनात पुरे करावे. दिवा आणला, दोरी दिसली, साप गेला, भय गेले. दृष्टान्त येथे संपतो व बुवा सिद्धान्ताकडे वळतात. पण ह्यात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली असते. ती अशी की दिवा जवळ नेता येतो. दोरी अंगणात पडली आहे. चार पावले टाकली की झाले. आता समजा, ती दोरी अशा जागी आहे की जेथे मनुष्य कधी पोहोचणार नाही आणि त्याचा दिवाही पोहोचणार नाही. पाहणाऱ्याला निर्णय तर केल्यावाचून गत्यंतर नाही. मग त्याने काय करावे? साप म्हणावे? दोरी म्हणावे? की 'मला दिसले ते मी सांगितले, पुढचे तुम्ही जाणा' म्हणून मोकळे व्हावे?

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांपुढे तो गेली चाळीस वर्षे प्रत्यक्ष उभा आहे. त्यांनी त्यावर जी वाट काढली ती गणिताची असली, तरी विवेकाच्या दृष्टीने ती पाहण्यासारखी आहे, म्हणून हा विषय येथे घेतला. गणिताचे नाव ऐकून कोणी पान उलटू नये. बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागणार नाही.

प्रथम ते काय पाहतात ते समजून घेऊ. रात्री डोक्यावर जो दुधाळ पट्टा दिसतो ती आपली आकाशगंगा. तीत अब्जावधी तारे असून आपला सूर्य त्यांतला एक. विश्व म्हणजे एवढेच, असे शंभर वर्षांपूर्वी पुष्कळ जाणते लोकही समजत. अमेरिकेतील एडविन हबल ह्यांनी १९२४ साली दाखवून दिले की देवयानी नक्षत्रात जो अंधुक तेजाचा ठिपका दिसतो तो आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडचा, ताऱ्यांचा एक स्वतंत्र मेळा आहे. अशा मेळ्याला दीर्घिका म्हणतात. पुढे १९२९ साली त्यांनीच दाखवले की दीर्घिका जितकी दूर, तितक्या वेगाने ती आपल्यापासून लांब जात आहे. लांब जाणाऱ्याचा प्रकाश तांबड्या बाजूस सरकतो. ही सरक मोजली की अंतराचा अंदाज येतो. ही अंतरे प्रकाशवर्षांत सांगतात. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतो, तो वर्षभरात जितका जाईल ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे साडेनऊ लक्ष कोटी किलोमीटर. शेजारची देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, एवढे मनात धरले म्हणजे पुढचे आकडे डोळे फिरवणार नाहीत.

तर अशी एकेका दीर्घिकेची दिशा आणि अंतर मोजून ती कागदावर एक ठिपका म्हणून मांडावयाची. एवढेच विद्वानांच्या हाती असते. ठिपके. त्यांच्यामध्ये रेषा कोणी आखलेली नसते.

१९८६ साली व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर व जॉन हुक्रा ह्या तिघांनी कलिंगडाची फोड काढावी तशी आकाशाची एक पातळ फोड घेऊन तिच्यातील सुमारे अकराशे दीर्घिका अशा मांडल्या. ठिपके मूठभर वाळू फेकल्यासारखे सर्वत्र सारखे पडतील अशी पुष्कळांची अपेक्षा होती. दिसले ते निराळेच. साबणाच्या फेसात जसे बुडबुडे रिकामे आणि त्यांच्या पडद्यांवर सारा साबण, तशी मोठमोठी पोकळ जागा आणि तिच्या कडेकडेने दीर्घिकांच्या रांगा. तीन वर्षांनी, १९८९ साली, गेलर व हुक्रा ह्यांनी त्यांतील एका रांगेला 'महाभिंत' म्हटले. तिची लांबी ५० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. एस्टोनियातील यान आइनास्टो आणि त्यांचे सहकारी हे जाळ्यासारखे रूप १९७७ पासूनच सांगत होते, पण ती फोड पाहिल्यावर जगाने कान टवकारले. चित्र असे असते बघा! शब्दांनी जे दहा वर्षांत पटत नाही ते एका चित्राने घटकेत पटते. आणि चित्राचा धोकाही नेमका तोच.

ह्या पहिल्याच चित्रात एक मौज होती. फोडीच्या मधोमध हात-पाय पसरलेल्या माणसाची आकृती दिसे. तिचे धड म्हणजे कोमा नावाचा दीर्घिकांचा दाट समूह. आता हा समूह खरोखर पाहता बराचसा गोलसर आहे. चित्रात तो लांबट का दिसावा? कारण असे की समूहातील दीर्घिका आपसात सेकंदाला हजार-हजार किलोमीटर वेगाने इकडेतिकडे धावत असतात. काही आपल्या दिशेने, काही उलट. प्रकाशाच्या सरकेत हा वेगही मिसळतो आणि त्या सरकेवरून काढलेले अंतर चुकते. कोणी उगाच अलीकडे दिसते, कोणी पलीकडे. गोल समूह आपल्या दृष्टीच्या रेषेत ताणला जाऊन लांब बोटासारखा होतो. ज्योतिर्विद ह्याला 'ईश्वराचे बोट' म्हणतात. नाव थट्टेने दिले असेल, पण त्यातली गोम पाहा: आकाशात कोठेही, कोणत्याही दिशेला असे बोट दिसले तरी ते रोखलेले असते आपल्याच पृथ्वीकडे. सगळ्या विश्वाने आपल्याकडेच बोट का दाखवावे? आपण काही त्याच्या मध्यावर बसलेलो नाही. बोट आपल्याकडे वळते ते मोजणारे आपण आहोत म्हणून. एखाद्या दर्शनात सगळे धागे पाहणाऱ्यापाशीच येऊन मिळू लागले, तर भाविकानेही थोडे थबकावे असे आम्हांस वाटते. पण तो विषय स्वतंत्र आहे.

बोटाचा दोष कळला, तो गणिताने दुरुस्तही करता येतो. परंतु रांगांचे काय? त्या खऱ्या की आपल्या डोळ्यांनी जोडलेल्या? मनुष्याच्या डोळ्याला ठिपके सुटे पाहवतच नाहीत. सात तारे दिसले की तो सप्तर्षी करतो, भिंतीवरच्या ओलीत हत्ती पाहतो. मंगळाच्या बाबतीत हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. इटलीतील स्कियापारेली ह्यांनी १८७७ साली मंगळावर बारीक सरळ रेषा पाहिल्या. पुढे अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल ह्यांनी त्यासाठी १८९४ साली स्वतःची वेधशाळा उभारली आणि त्या रेषा म्हणजे तेथील प्राण्यांनी पाण्यासाठी खणलेले कालवे होत असे जन्मभर सांगितले. लॉवेल हा काही लबाड माणूस नव्हता. थंडीत रात्ररात्र जागून, हाताने नकाशे काढून तो हे सांगत होता. १९०३ साली इंग्लंडात ग्रीनिच येथे मॉन्डर आणि एव्हान्स ह्या दोघांनी एक साधा प्रयोग केला. मंगळाचे एक चित्र काढले, त्यात रेषा नव्हत्या, बारीक ठिपके व डाग होते. ते शाळेतील मुलांपुढे टांगले आणि वेगवेगळ्या अंतरावर बसलेल्या मुलांना 'दिसते तसे काढा' म्हणून सांगितले. ठरावीक अंतरावर बसलेल्या पुष्कळ मुलांनी कालवे काढले! त्या पोरांना ना कीर्ती हवी होती, ना त्यांचा कोणता पक्ष होता. डोळ्यांनीच रेषा ओढल्या.

मंगळाचे बरे, की तेथे अखेर दिवा नेता आला. १९६५ च्या जुलैत मरिनर-४ हे यान जवळून गेले, त्याने छायाचित्रे पाठवली, आणि कालव्यांची उरलीसुरली आशाही मिटली. दीर्घिकांच्या रांगांपाशी मात्र कोणते यान जाणार? कोट्यवधी प्रकाशवर्षे! येथे आपला दृष्टान्त खरोखर अडतो.

ह्या अडचणीत ज्योतिर्विदांनी बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा ह्यांच्या गणिताचा आधार घेतला. हे गणित जुने आहे. १७३५ साली ऑयलर नावाच्या थोर गणितज्ञाने क्योनिग्सबर्ग गावच्या सात पुलांचा प्रश्न सोडवला: प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सारे गाव फिरता येईल का? त्याने रस्ते, घरे, नदीची रुंदी सगळे बाजूला ठेवले. जमिनीच्या चार तुकड्यांचे चार बिंदू केले, सात पुलांच्या सात रेषा केल्या, आणि फिरता येणार नाही असे दाखवून दिले. कोण कोणाशी जोडलेले आहे एवढेच पाहावयाचे, बाकी सर्व विसरावयाचे, ही ह्या शास्त्राची रीत. इंग्रजीत ह्याला ग्राफ म्हणतात, मराठी गणितात आलेख. आपण 'जोडणी' म्हणू.

आपल्या कामाची जोडणी १९२६ साली चेकोस्लोव्हाकियात बोरूव्हका ह्यांनी शोधली, तीही विजेच्या तारांसाठी. मोराव्हिया प्रांतातील गावे विजेने जोडावयाची होती आणि तार कमीत कमी लागावी अशी इच्छा. रीत ऐकायला अगदी सोपी आहे. सर्वांत जवळची दोन गावे घ्या, तार टाका. त्यानंतरचे सर्वांत लहान अंतर घ्या, तार टाका. असे वाढत्या अंतराने चालत राहा. मात्र एखाद्या तारेने वेटोळे पुरे होत असेल तर ती टाकू नका, कारण ती गावे आधीच जोडली गेली आहेत. शेवटी सर्व गावे एका जोडणीत येतात, वेटोळे एकही नसते, आणि एकूण तार कमीत कमी लागते. शंभर गावांना नव्याण्णव तारा. फांद्या फुटलेल्या झाडासारखे हे दिसते म्हणून ह्याला वृक्ष म्हणतात.

१९८५ साली जॉन बॅरो, सुकेतु भावसार आणि सोनोडा ह्यांनी गावांच्या जागी दीर्घिका ठेवल्या. वृक्ष काढला, मग आंब्याच्या झाडाची छाटणी करावी तशी बारीक फांद्यांची छाटणी केली, फार लांबलचक तारा तोडल्या. जे उरले ते रांगांचे खोड. ह्यात मोठे काय झाले? रांग कोठे आहे हे आता कोणाच्या डोळ्याने ठरत नव्हते. ठरलेल्या नियमाने ठरत होते, आणि तो नियम पुण्यात लावा की केंब्रिजात, उत्तर एकच येणार. दोन वर्षांनी भावसार व बॅरो ह्यांनी जो निबंध लिहिला त्याचे नावच मुळी, ज्योतिर्विदाचा डोळा ज्योतिर्विदाच्या मेंदूला काय सांगतो, अशा अर्थाचे आहे.

पण एखादा चाणाक्ष वाचक येथे म्हणेल, 'अहो, नियमाने काढली म्हणून काय रेषा खरी झाली? वृक्ष तर कोणत्याही ठिप्यांचा निघेल. अंगणात ज्वारी सांडली तरी तिचा निघेल.' अगदी बरोबर. नियम पाळला म्हणजे सत्य सापडले असे होत नाही. फार तर आपली लहर आड आली नाही एवढेच. खरी परीक्षा पुढे आहे, आणि आमच्या मते ह्या सगळ्या कथेचा गाभा तीच.

भावसार आणि त्यांचे सहकारी लिंग ह्यांनी १९८८ साली असे केले. दीर्घिकांचा तो नकाशा चौकोनी तुकड्यांत कापला, तुकडे फिरवले, इकडचे तिकडे लावले, पत्ते पिसावे तसे. तुकड्याच्या आत जे काही होते ते तसेच राहिले. पण एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणारी प्रत्येक रांग तुटली. मग त्या पिसलेल्या नकाशावर पुन्हा तोच वृक्ष, तीच छाटणी. आता विचार करा. पिसल्यानंतरही पहिल्याइतक्याच लांब रांगा निघाल्या, तर पहिल्या रांगाही योगायोगाच्याच म्हणावयाच्या. पिसल्यावर त्या निघेनाशा झाल्या, तर मूळ नकाशात काहीतरी होते खास. तशा त्या निघेनाशा झाल्या. रांगा खऱ्या ठरल्या.

किती लांबीपर्यंत खऱ्या? हा प्रश्न विचारण्याचा प्रामाणिकपणाही त्यांनी सोडला नाही. २००४ साली सोमनाथ भारद्वाज, भावसार आणि जतुश शेठ ह्यांनी चिलीतील लास कँपानस येथून केलेल्या पाहणीवर हीच पिसण्याची रीत तुकड्यांचा आकार वाढवत वाढवत लावली. निष्कर्ष असा की सुमारे ३५ कोटी प्रकाशवर्षांपर्यंतची रांग खरी. त्याहून लांब रांगा डोळ्यांना दिसतात, नियमानेही निघतात, पण त्या लहान खऱ्या रांगा योगायोगाने एकापुढे एक आल्याने झालेल्या. पाहा हा निवाडा. सगळे खरे असेही नाही, सगळे मिथ्या असेही नाही. एकाच दोरीचा इतका भाग दोरी आणि पुढचा भाग नुसता भास, आणि सांधा कोठे आहे तेही सांगितले. दूरच्या वस्तूचा निर्णय करताना ज्याला स्वतःचे दर्शन स्वतःच विस्कटून पाहण्याची तयारी नसेल, त्याने 'मला दिसले' ह्यापुढे बोलू नये.

दुसरी एक रीत आहे तिचे नाव मोठे गोड: 'मित्राचे मित्र'. हुक्रा व गेलर ह्यांनी १९८२ साली ती वापरली. एक ठरावीक लांबीचा दोर घ्यावयाचा. ज्या दोन दीर्घिका त्या दोराच्या आत, त्या मित्र. मित्राचा मित्र तोही आपला मित्र. अशी ओळख लागत जाईल तितका एक समूह. पण दोर किती लांब घ्यावयाचा हे कोण ठरवणार? आखूड घेतला तर प्रत्येक जण एकटा. फार लांब घेतला तर सारे विश्व एकच समूह. आणि मधल्या अवस्थेत मौज अशी, की दोर हळूहळू वाढवला तरी समूह हळूहळू एक होत नाहीत. एका विशिष्ट लांबीपाशी थोडक्यात सगळे धडाधड जोडले जाऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट तयार होते. हे वाचून आपल्यांपैकी कोणाला वाटेल की पाहा, विज्ञानानेही अद्वैत सिद्ध केले! आम्हांस नम्रपणे सांगावेसे वाटते की तसे काही झालेले नाही. दोर लांब करून सर्वांना एकात आणले ते आपण आणले. संतांनी जे ऐक्य अनुभवाने सांगितले त्याला ह्या दोराची गरज नाही, आणि असल्या उसन्या साक्षीने त्याची शोभाही वाढत नाही.

दोराच्या लांबीचा घोळ किती मोठा होऊ शकतो ते २०१३ साली दिसले. इंग्लंडातील रॉजर क्लाउज व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वासारांची एक प्रचंड रांग जाहीर केली. क्वासार म्हणजे फार दूरच्या, अतिशय तेजस्वी दीर्घिकांचे गाभे. ७३ क्वासार, आणि टोकापासून टोकापर्यंत सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे. जगभर गाजावाजा झाला. कारण पुरेसे दूर जाऊन पाहिले तर विश्व सर्वत्र सारखेच असते, ह्या तत्त्वावर आजची सारी विश्वरचना उभी आहे, आणि एवढी रांग खरी असेल तर त्या पायालाच धक्का. त्याच वर्षी शेषाद्री नादथूर ह्यांनी एक सरळ गोष्ट केली. यंत्राने यदृच्छेने ठिपके टाकले, ज्यांत कसलीही रचना नाही हे आधीच ठाऊक, आणि क्लाउज ह्यांचाच नियम, तेवढाच दोर, त्या ठिपक्यांना लावला. तेवढ्याच मोठ्या, त्याहूनही मोठ्या रांगा निघाल्या! म्हणजे रांग सापडणे हा दोराचा गुण होता. क्वासारांचा गुण होता असे त्यावरून म्हणता येईना.

वाद अजून चालू आहे. त्याच मंडळींपैकी ॲलेक्सिया लोपेझ ह्यांनी पुढे, २०२२ साली, एक महाकाय कमान आणि २०२४ साली एक कडे मांडले. त्यावर इतरांनी गणकयंत्रातील कृत्रिम विश्वांत तशा आकृत्या पुष्कळ सापडतात असे उत्तर दिले. येथे एक सांगितले पाहिजे. क्लाउज किंवा लोपेझ ह्यांना हसण्याचे काही कारण नाही. त्यांनी नियम लिहून दिला, दोराची लांबी लिहून दिली. म्हणूनच दुसऱ्याला तो तपासता आला. ज्याने आपला दोर लपवला त्याचे म्हणणे खोटे ठरवता येत नाही, आणि म्हणूनच ते खरेही ठरत नाही.

आता मूळ शंका राहिलीच आहे. आकाशात ठिपकेच आहेत, रेषा कोणी आखलेली नाही, दोर आपला, नियम आपला. मग 'संबंध' ही वस्तू सगळी कल्पनाच म्हणावी की काय? पुष्कळ सुशिक्षित लोक आजकाल असे म्हणून मोकळे होतात आणि त्याला वैराग्य समजतात. हे आम्हांस मान्य नाही. दीर्घिका रांगेत आल्या त्या गुरुत्वाकर्षणाने. विश्वाच्या बाल्यावस्थेत द्रव्य जवळजवळ सर्वत्र सारखे पसरलेले होते. फरक होता तो लाखात एका भागाचा, असे १९९२ साली कोबे उपग्रहाने मोजले. जेथे तसूभर जास्त, तेथे आणखी द्रव्य ओढले गेले. रशियातील झेल्डोविच ह्यांनी १९७० सालीच गणिताने दाखवले होते की अशा वेळी द्रव्य गोळा होऊन सरळ गोळे बनत नाहीत. आधी ते पसरट पडद्यांत चापले जाते. पडद्यांच्या सांध्यांत धागे, धाग्यांच्या सांध्यांत दाट समूह, असे पुढे स्पष्ट झाले. १९९६ सालापासून ह्याला विश्वजाल म्हणतात. आणि २०१९ साली हिदेकी उमेहाता ह्यांनी व इतरांनी चिलीतील मोठ्या दुर्बिणीतून एका दूरच्या दीर्घिकासमूहाजवळ, दीर्घिकांच्या मधल्या जागेतला वायू स्वतः मंद प्रकाशताना पाहिला, तीस लाखांहून अधिक प्रकाशवर्षे लांब धाग्यांच्या रूपात. तो प्रकाश निघून सुमारे साडेअकराशे कोटी वर्षे झाली होती. दिवा जवळ नेता आला नाही हे खरे. पण येथे दोरीच थोडी उजळली म्हणावयाचे.

तेव्हा संबंध खरा, पण आपण काढलेली रेषा म्हणजे तो संबंध नव्हे. रेषा सरळ जाते, वायू वेडावाकडा. रेषा एका क्षणात ओढली, तो धागा जमायला अब्जावधी वर्षे लागली. रेषा ही आपली पावती आहे. पावतीवर माल आहे असे लिहिलेले असते, पावती म्हणजे माल नव्हे. आणि माल तपासल्यावाचून पावती फाडू नये, हे कोणताही दुकानदार सांगेल.

ह्या जोडणीच्या अभ्यासाने काय कळते ते पाहू. पूर्वी विद्वान ठिपक्यांच्या जोड्या मोजत: इतक्या अंतरावर किती जोड्या. पण दोन अगदी निराळ्या रचनांत जोड्यांची संख्या सारखी येऊ शकते. शंभर माणसे रांगेत उभी आहेत की घोळक्याघोळक्याने, हे नुसत्या जोड्या मोजून नेहमी कळत नाही. जोडणीने ते कळते. कृष्ण नायडू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली कृत्रिम विश्वांवर दाखवले की वृक्षाच्या फांद्यांची लांबी आणि आकार पाहिले तर जोड्या मोजून न कळणारी माहिती हाती येते. त्यांत न्यूट्रिनो नावाच्या जवळजवळ वजनरहित कणांच्या वजनाचाही मागोवा घेता येईल, कारण ते कण जाळ्याची बारीक वीण किंचित पुसट करतात. एवढ्याशा कणाचे वजन एवढ्या मोठ्या जाळ्यावरून! आम्हांला तरी हे वाचून क्षणभर हात जोडावेसे वाटले.

आणखी एक. २०१५ साली हाँग आणि अर्जुन डे ह्यांनी दीर्घिकांच्या जोडणीत 'मधलेपणा' मोजला. ज्याला शेजारी पुष्कळ तो एक प्रकारचा मोठा. पण दुसऱ्या प्रकारचा मोठेपणा असा की इकडच्या कोणाला तिकडच्या कोणाकडे जावयाचे तर किती वाटा ह्याच्यावरून जातात. दोन दाट समूहांच्या मध्ये धाग्यावर एखादी लहानशी, विरळ वस्तीतली दीर्घिका असते. तिला शेजारी दोनच. पण तिला काढले तर दोन्हीकडचे तुटतात. तिचे तेज मोजून हे कधी कळले नसते, तिच्या शेजाऱ्यांची संख्या मोजूनही नाही.

असो. जोडणीचे आकडे जुळले की लोकांच्या कल्पनेला किती चटकन पंख फुटतात त्याचेही उदाहरण आहे. २०२० साली इटलीतील वाझ्झा आणि फेलेत्ती ह्यांनी मेंदूतील पेशींचे जाळे आणि कृत्रिम विश्वजाल ह्यांची तुलना केली. एका गाठीला सरासरी किती धागे, अशा काही मोजमापांत दोन्ही जवळजवळ आली. झाले! विश्व हा एक महामेंदू आहे असे अनेकांनी लिहून टाकले. नदीचा नकाशा आणि पिंपळाच्या पानाच्या शिरा सारख्या दिसतात म्हणून नदीला पालवी फुटत नाही.

शेवटी आपल्या जवळचे एक उदाहरण घेऊ, कारण त्यात 'एक' म्हणजे काय हा प्रश्न फार स्वच्छ दिसतो. २०१७ साली पुण्याच्या आयुका संस्थेतील जयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांचा एक महासमूह शोधला आणि त्याला 'सरस्वती' नाव दिले. सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर. विस्तार ६० कोटी प्रकाशवर्षांहून अधिक. त्यात निदान ४३ मोठे दीर्घिकासमूह. नाव एक दिले, चित्रात ती एक दिसते. पण त्याच निबंधात असेही आहे की तिचा मधला भाग, सुमारे साडेसहा कोटी प्रकाशवर्षे त्रिज्येचा, तेवढा गुरुत्वाकर्षणाने आत ओढला जात असावा. बाकी विस्ताराबद्दल तसे म्हटलेले नाही. आपली स्वतःची आकाशगंगा ज्या महासमूहात आहे त्याला २०१४ साली ब्रेंट टुली व इतरांनी 'लानियाकेआ' नाव दिले. त्याची हद्द त्यांनी अंतराच्या दोराने ठरवली नाही, दीर्घिकांचा ओघ कोणीकडे आहे ते पाहून ठरवली. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसातला एक थेंब कोकणात उतरतो, आणि हातभर पलीकडचा भीमाशंकरावरून भीमेला मिळून पंढरपूरकडे येतो. तशी ही पाणलोटाची हद्द. कोण कोणाजवळ बसला आहे ह्यापेक्षा कोण कोठे चालला आहे हे पाहून आप्त ठरवावयाचा, ही कल्पना आपल्या वारकऱ्यांना पटायला जड जाऊ नये. आणि तरीही लानियाकेआ सबंध अशी बांधलेली नाही. विश्वाचा प्रसार तिच्या बऱ्याच भागाला पुढेमागे वेगळे करणार.

इकडे नवे ठिपके येतच आहेत. अमेरिकेत ॲरिझोनातील किट पीक येथे २०२१ पासून एका दुर्बिणीवर पाच हजार प्रकाशतंतू बसवून एका वेळी पाच हजार ठिकाणचा प्रकाश टिपतात. ह्या उपक्रमाचे नाव डेसी. त्यांचे मुख्य काम जोडवृक्ष काढण्याचे नव्हे, विश्वाच्या प्रसाराचा इतिहास मोजण्याचे. पण त्यांची एक पद्धत येथे सांगण्याजोगी आहे. २०२४ साली पहिले निष्कर्ष जाहीर करण्याआधी त्यांनी आपल्याच आकडेवारीत मुद्दाम फेरफार करून ठेवला, दीर्घिकांची अंतरे थोडी थोडी सरकवून, आणि किती सरकवली हे हिशेब करणाऱ्यांपासून लपवले. हिशेबाची रीत, चाळण्या, नियम सर्व त्या खोट्या आकड्यांवर पक्के करावयाचे. त्यांवर सर्वांनी मान डोलवली की मगच पडदा काढावयाचा आणि खरे आकडे त्याच चरकातून काढावयाचे. मग उत्तर आवडो न आवडो, चरक बदलावयाचा नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे हे काम केले त्यांनाही पडदा निघेपर्यंत आपण काय पाहणार आहोत हे ठाऊक नव्हते.